सॉसेज उभंच का फाटतं?

फ्रँकफर्टर सॉसेज उकळत्या पाण्यात टाकून विसरलं, की थोड्याच वेळात ते फाटतं. फाटलेलं सॉसेज चिमट्यानं उचलून नीट पाहा. चीर या टोकाकडून त्या टोकाकडे गेलेली दिसेल. पोटाभोवती करदोट्यासारखी फिरलेली चीर मी आजवर पाहिलेली नाही. सॉसेज कोंबडीचं असो की डुकराचं, जाड असो की बारीक, फाटणार ते उभंच.

याचं कारण मला स्वयंपाकघरात सापडलं नाही. ते सापडलं भिलईजवळच्या हथखोजला.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पुढे मोठ्या कारखान्याच्या आधारानं लहान कारखाने वाढत गेले. हथखोजचा हेवी इंडस्ट्रियल एरिया हा त्याच वाढीचा भाग. इथल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जाड पत्रा रोलिंग मशीनमधून काढून गोल करतात, कडा वेल्डिंगनं जोडतात आणि त्याचे नळ, टाक्या, दाबाची भांडी बनवतात. गोल केलेल्या पत्र्याचा उभा जोड म्हणजे ‘लाँग सीम’. असे दोन गोल तुकडे एकापुढे एक ठेवून जोडले, की वळसा घालून जाणारा जोड म्हणजे ‘सर्क सीम’. नवा मुलगा शॉपमध्ये आला की जाणता फिटर त्याला आधी हेच सांगतो: लाँग सीम जिवापाड जप आणि दोन शेजारच्या तुकड्यांच्या लाँग सीम कधी एका रेषेत येऊ देऊ नकोस.

मी अशाच एका शॉपमध्ये होतो, तेव्हा हा नियम पाठ होता. त्यामागचं गणित पुस्तकात वाचलेलंही होतं. पण एका रविवारी घरी पातेल्यातलं सॉसेज डोळ्यांदेखत उभं उलगडलं, तेव्हा ते खरं समजलं.

गणित अवघड नाही. लांब गोल नळीत आतून दाब वाढतो आहे असं समजा. हा दाब नळीचे दोन उभे अर्धे एकमेकांपासून दूर लोटतो. त्यासाठी त्याला नळीची सगळी रुंदी गुणिले सगळी लांबी एवढं क्षेत्र मिळतं. त्याला अडवायला मात्र दोन बाजूंच्या दोन बारीक भिंतीच असतात. हाच दाब नळीची दोन टोकंही बाहेर ढकलतो. तिथं त्याला फक्त टोकाच्या वर्तुळाएवढं क्षेत्र मिळतं आणि अडवायला पूर्ण परिघाची भिंत असते. दोन्हींचा हिशेब मांडला, तर वळशाच्या दिशेनं येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या बरोबर दुप्पट निघतो. पातळ भिंतीची नळी किती जाड आहे, कशाची आहे, यानं या दुपटीत फरक पडत नाही. वळशाचा ताण तोडतो तेव्हा चीर उभी पडते. म्हणूनच जुन्या रिव्हेटच्या बॉयलरांना उभ्या जोडावर दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकलेल्या असत आणि आडव्या जोडाला साधा एकावर एक जोड पुरत असे. मेंढीच्या आतड्यात भरलेल्या मांसालाही हाच हिशेब लागू होतो.

आता हा दाब येतो कुठून ते पाहू. फ्रँकफर्टर करण्याची रीतच त्यामागे आहे.

पुष्कळांना वाटतं, की सॉसेज म्हणजे खिमा भरलेली नळी. फ्रँकफर्टरच्या बाबतीत तसं नाही. मांस आधी मिठाबरोबर इतकं बारीक वाटतात, की मांसाच्या तंतूंमधली प्रथिनं मिठाच्या पाण्यात सुटतात. मग चरबी घालून पुन्हा वाटतात. सुटलेली प्रथिनं चरबीच्या बारीक कणांभोवती आवरण धरतात आणि सगळ्याचं लोण्यासारखं मऊ सारण होतं. वाटताना घर्षणानं उष्णता वाढते. म्हणून पाण्याऐवजी बर्फ घालतात आणि सारण १२ ते १५ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. त्याहून तापलं तर चरबी वितळून प्रथिनांच्या आवरणातून निसटते, आणि मग काहीही केलं तरी ती परत बांधली जात नाही. लेथवर काम करताना कूलंट तुटू देत नाहीत, तसंच हे. मग सारण आवरणात भरतात, हलका धूर देतात आणि आतलं तापमान सत्तरीच्या आसपास जाईपर्यंत शिजवतात. अंडं शिजताना जसं घट्ट होतं, तशी इथं प्रथिनांची जाळी घट्ट बसते आणि चरबी व पाणी तिच्यात कोंडले जातात.

म्हणजे पाकिटातून निघालेलं फ्रँकफर्टर शिजलेलं असतं. स्वयंपाक कारखान्यातच झालेला असतो, आपण फक्त ते गरम करायचं असतं. हे एकदा लक्षात आलं, की पुढच्या सगळ्या कृती आपोआप सुचतात. आपल्याकडे मात्र बटाट्यासारखं सॉसेजही खळाखळा उकळायची सवय पडली आहे आणि त्यानं त्याची चव निघून जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. उकळत्या पाण्यात आतलं पाणी वाफेच्या वाटेला लागतं, चरबी वितळून फुगते, मध्ये अडकलेली हवा पसरते. त्याच वेळी आतड्याचं आवरण आवळत असतं, कारण ते कोलॅजनचं असतं आणि साधारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे कोलॅजन आकसतं. आतलं फुगतं, बाहेरचं आवळतं आणि चीर पडते. मग त्या चिरेतून मीठ, रस, धुराचा वास सगळं पातेल्यात उतरतं. पाण्यावर तवंग दिसतो ती सॉसेजची चवच असते.

तेव्हा कृती अशी. पाव किलो सॉसेजसाठी दीड लिटर पाणी घ्या, त्यात चमचाभर मीठ टाका आणि उकळी आणा. गॅस बंद करा. फ्रिजमधून काढलेली सॉसेज अलगद सोडा, झाकण ठेवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. भिलई समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथं पाणी ९९ अंशांवरच उकळतं. पाव किलो थंड सॉसेज पडली, की सगळ्याचं मिळून तापमान ८८ अंशांच्या आसपास स्थिरावतं आणि दहा मिनिटांत हळूहळू ऐंशीकडे उतरतं. आपल्याला हवं ते हेच: आवरण फाटणार नाही इतपत शांत, आणि गाभा ७४ अंशांपर्यंत नेईल इतपत गरम. पाण्यात मीठ यासाठी, की अळणी पाणी सॉसेजमधलं मीठ ओढून घेतं.

गोठलेली सॉसेज थेट अशा पाण्यात टाकू नयेत. बर्फ वितळवण्यातच पुष्कळ उष्णता खर्च होते. त्याच पाण्याचं तापमान ७९ च्या आसपासच राहतं आणि दहा मिनिटांत सत्तरीच्या सुरुवातीला येतं. गाभा तर त्याच्याही मागे राहतो. आदल्या रात्री पाकीट फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवावं. जाडीचा हिशेबही ध्यानात असू द्या. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सॉसेज दुप्पट जाड असेल तर चौपट वेळ. बोटाएवढ्या कॉकटेल सॉसेजची जाडी निम्मी असेल तर वेळ पावपट, म्हणजे तीन मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं ठेवली तर रबरासारखी होतात, आणि लग्नाच्या रिसेप्शनमध्ये काडीला टोचून मिळणारी बरीचशी तशीच असतात.

या पदार्थाचं गावही सांगितलं पाहिजे. जर्मनीत ‘फ्रँकफुर्टर’ हे नाव आजही फ्रँकफुर्ट परिसरात बनलेल्या सॉसेजलाच लावता येतं. ते निव्वळ डुकराच्या मांसाचं, मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेलं आणि हलकी धुरी दिलेलं असतं. तिथं ते जोडीनं विकतात आणि जोडीनंच वाढतात. फ्रँकफुर्टला काम शिकलेला योहान गेओर्ग लाहनर हा खाटीक व्हिएन्नाला गेला आणि १८०५ च्या सुमारास त्यानं डुकराच्या मांसात गोमांस मिसळून तेच सॉसेज केलं. व्हिएन्नाचे लोक त्याला फ्रँकफुर्टर म्हणतात, जर्मनीतले लोक त्यालाच वीनर, म्हणजे व्हिएन्नाचं, म्हणतात. एकाच पदार्थाला दोन्ही गावं दुसऱ्याचं नाव देतात. अमेरिकेत तो जर्मन स्थलांतरितांबरोबर गेला आणि पावात बसून हॉट डॉग झाला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर नेथन हँडवर्करनं १९१६ साली दुकान काढलं आणि दुसरे दहा सेंट घेत होते तिथं पाच सेंटला विकायला सुरुवात केली. ते नाव आजही चालू आहे. ११ जून १९३९ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हाइड पार्कच्या आपल्या घरच्या सहलीत ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांना हॉट डॉग खिलवले, तेव्हा वर्तमानपत्रांना तो मोठा विषय मिळाला.

सोव्हिएत संघात हेच सॉसेज ‘सोसिस्की’ या नावानं घराघरांत खाल्लं जाई. तिथले अन्नखात्याचे मंत्री अनास्तास मिकोयान १९३६ साली अमेरिकेत जाऊन अन्नप्रक्रियेचे कारखाने पाहून आले आणि मोठ्या प्रमाणावर सॉसेज बनवण्याला तिकडे वेग आला. भिलईला आलेले तज्ज्ञ त्याच देशातले होते. त्यांच्या ताटात इथं काय पडत असेल, या विचारानं मी कितीदा रेंगाळलो आहे.

आपल्या देशातही सरकारनं बेकन फॅक्टऱ्या काढल्या होत्या. महाराष्ट्रात बोरिवलीला, बंगालमध्ये हरिणघाट्याला, आंध्रात गन्नवरमला, तेव्हाच्या बिहारमध्ये रांचीला. डुकराच्या मांसाचे प्रक्रिया केलेले पदार्थ त्यांतून लोकांपर्यंत गेले. आज मात्र भारतातल्या पाकिटात बहुधा कोंबडी असते. कोंबडीत चरबी कमी, त्यामुळे आतली जाळी कोरडी पडायला वेळ लागत नाही. तिला तर मंद पाण्याची जास्तच गरज. पाकिटावर ‘स्किनलेस’ लिहिलेलं असेल तर ते सॉसेज सेल्युलोजच्या नळीत शिजवून मग ती नळी सोलून काढलेली असते. शिकागोच्या अर्विन फ्रॉइंड यांनी १९२० च्या दशकात ही युक्ती बाजारात आणली. अशा सॉसेजला दाताखाली ‘कट्’ असा आवाज येत नाही. तो आवाज आतड्याच्या आवरणाचा.

खरपूस आवडणाऱ्यांसाठी तवा आहेच. पण तव्यावर टाकण्याआधी सुरीनं तिरक्या, उथळ खाचा पाडा, एका बाजूला तीन-चार. वाफेला वाट मिळते, आणि खाचांच्या कडा तव्याला लागून तांबूस होतात, तिथं चव येते. लोखंडी तवा, चमचाभर तेल, मध्यम आच, सारखं फिरवत राहायचं. कोळशाची शेगडी असेल तर निखारे पांढुरके झाल्यावर, जाळ नसताना. जपानमध्ये डब्यात द्यायच्या छोट्या सॉसेजला एका टोकाकडून उभे काप देतात. तव्यावर ते काप उलगडून बाहेर वळतात आणि आठ पायांचा ऑक्टोपस तयार होतो. मुलं डबा संपवून येतात. मुलांवरून सांगायचं, तर चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला सॉसेजच्या गोल चकत्या कधी देऊ नयेत. ती गोल चकती लहान श्वासनलिकेत बुचासारखी बसते. उभे चार भाग करून मग बारीक तुकडे करावेत. सॉसेज जसं आपण होऊन फाटतं तसंच सुरीनं फाडायचं.

बरोबर काय वाढायचं? जर्मन माणूस पाव, मोहरी आणि बटाट्याचं सॅलड वाढील. मोहरीच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराला कुणाकडे बघायची गरज नाही. आपल्याकडे मोहरी फेसण्याची फार जुनी रीत आहे. कैरीच्या लोणच्याला, काकडीच्या कोशिंबिरीला, लाल भोपळ्याच्या भरिताला फेसलेली मोहरी लागते, आणि ती नाकात गेली की डोळ्यांतून पाणी येतं. त्याचं शास्त्र असं. मोहरीच्या दाण्यात तिखट द्रव्य तयार नसतं. त्याचा कच्चा माल एका कप्प्यात आणि तो फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. दाणा वाटून पाणी घातलं, की दोघांची गाठ पडते आणि झणझणीत वाफाळतं द्रव्य सुटतं. पाणी गरम घेतलं तर एन्झाइम मरतं आणि मोहरी कडू तेवढी राहते. म्हणून आजी थंड पाणीच घ्यायला सांगत असे. दोन चमचे मोहरी वाटून थंड पाण्यात फेसावी, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवावी, मग मीठ, लिंबू आणि किंचित गूळ. युरोपात सॉसेजबरोबर जे हॉर्सरॅडिश किसून देतात, त्याचा झणका बव्हंशी याच द्रव्याचा असतो. चरबीनं जीभ माखली, की हा झणका नाकातून येऊन तोंड पुन्हा जागं करतो. विकतच्या गोड केचपला ते जमत नाही.

बटाट्याच्या सॅलडच्या जागी उकडलेल्या बटाट्याची दह्यातली कोशिंबीर चालते, तीही याच मोहरीची. आंबवलेल्या कोबीऐवजी कोबीची कच्ची पचडी, लिंबू जरा हात सैल सोडून. पावाला लोणी लावून तो तव्यावर भाजावा. फक्त इंदूरचं उदाहरण देऊन मला कुणी अडवू नये. छप्पन दुकानात ‘हॉट डॉग’ म्हणून जे मिळतं त्यात सॉसेज नसतं, गोल पावात टिक्की असते. पदार्थ छान आहे, पण तो या प्रकरणातला नाही. उलट बर्लिनची करीवुर्स्ट मात्र आपली पाहुणी आहे. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये हर्टा हॉयवर या बाईंनी सॉसेजच्या तुकड्यांवर टोमॅटोचा रस्सा आणि करी पावडर घालून विकायला सुरुवात केली. घरी करायची तर सॉसेजचे तुकडे तव्यावर परतावेत, वर टोमॅटोचा आटवलेला आंबटगोड रस्सा आणि चिमूटभर गोडा मसाला. गोडा मसाला मी माझ्या हिमतीवर घालतो, आणि तो जमतो.

एक घोळ निस्तरला पाहिजे. गोव्याहून कुणी चोरीस आणून दिली, की ती ‘गोव्याचं सॉसेज’ म्हणून फ्रँकफर्टरसारखीच गरम पाण्यात टाकणारी घरं मी पाहिली आहेत. दोन्हींत नावापलीकडे फार थोडं सारखं आहे. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे, वाटलेले नव्हेत, तर कापलेले. त्यांना मीठ, लाल मिरची, आलं-लसूण, हळद, मसाले आणि व्हिनेगार लावून मुरवतात, आतड्यात भरून गाठी मारतात आणि उन्हात, धुरात वाळवतात. पावसाळ्याच्या बेगमीला, म्हणजे पुरुमेंताला, ती माळेसारखी टांगून ठेवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा माळा दिसतात. पोर्तुगिजांनी चोरीसची कल्पना आणली आणि मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. गोव्याच्या उन्हानं आणि माडाच्या व्हिनेगारनं तिला आपली केली. तिला टिकवतात मीठ, आंबट आणि कोरडेपणा, पण ती शिजलेली नसते. म्हणून आवरण काढून सारण मोकळं करायचं, थोड्या पाण्यात कांदा आणि बटाट्याबरोबर अर्धा तास मंद शिजवायचं. तेल घालायचं नाही, तिची चरबी पुरेशी असते. पाणी आटून लाल तेल सुटलं, की ताज्या पावात भरायचं. फ्रँकफर्टरला गरम होण्यापुरता वेळ लागतो, चोरीसला धीर.

फ्रँकफर्टरचा गुलाबी रंग रंगाचा नसतो, नायट्राइटचा असतो. पाकिटावर २५० हा क्रमांक दिसेल तो सोडियम नायट्राइटचा. नायट्राइटमधून निघणारा वायू मांसातल्या लाल द्रव्याला चिकटतो आणि तापवल्यावर तो रंग कायम होतो. पण नायट्राइट घालतात त्याचं मोठं कारण बोट्युलिझम आहे. हवा नसलेल्या जागेत एक जिवाणू वाढतो आणि अत्यंत जहाल विष तयार करतो. लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजेच सॉसेज. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचे कवी आणि डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ साली सॉसेजच्या विषबाधेवर सविस्तर लिहिलं. ते विष स्वतः चाखूनही पाहिलं. नायट्राइटनं ती भीती गेली, पण दुसरी बाजू लपवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून नोंदवलं. रोज ५० ग्रॅम खाण्याबरोबर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. पन्नास ग्रॅम म्हणजे साधारण एक सॉसेज. आमच्या घरी ते महिन्यातून एकदा-दोनदाच येतं, आणि येतं तेव्हा नीट करून खातो. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांत संपवावं. लिस्टेरिया हा जिवाणू थंडाव्यातही वाढतो, म्हणून गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला थेट पाकिटातलं गार सॉसेज देऊ नये, वाफाळतं गरमच द्यावं.

भिलईत डिसेंबरच्या रात्री थंडी चांगली पडते. तेव्हा सॉसेज पाण्यातून काढून ताटात मांडली, तर दोन मिनिटांत गार होतात आणि चरबी थिजते. मी काढत नाही. पातेलं झाकणासकट टेबलावर आणतो, शेजारी मोहरीची वाटी, भाजलेले पाव आणि दह्यातले बटाटे. ज्याला हवं त्यानं झाकण उचलावं आणि चिमट्यानं एक जोडी घ्यावी. न फाटलेली.